दीर्घिकेच्या नकाशाखाली नकाशाची माहितीही छापा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एम ८३ या दंडयुक्त सर्पिल दीर्घिकेचं (मध्यातून ताऱ्यांचा लांबट पट्टा आणि त्याभोवती वळणदार भुजा असलेल्या तारकासमूहाचं) अर्धं पान भरून रंगीत चित्र आलं, त्याबद्दल आधी मनापासून आभार. ऊसदर, पाणीपाळी आणि पंचगंगेचं प्रदूषण यांनाच जागा अपुरी पडते अशा जिल्ह्यात दीड कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेला आपण अर्धं पान दिलंत, याचं मला फार मोल वाटतं. आमच्या राजारामपुरीतल्या वाचनालयात ते पान दिवसभर टेबलावर उघडं होतं आणि शाळेतली पोरं त्यावर वाकून बसली होती. त्यातल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, ही खरंच एवढी लालभडक असते का हो?" चित्राखाली ओळ होती, 'अवकाश दुर्बिणीने टिपलेले नेत्रदीपक छायाचित्र'. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत नव्हतं, आणि जे होतं ते बरोबर नव्हतं.

आपण छापलात तो मोजणी करून काढलेला नकाशा आहे. त्यासाठी कुठला कॅमेरा वापरलेला नाही आणि दुर्बीणही अवकाशात नाही. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, समुद्रसपाटीपासून ५००० मीटर उंचीच्या पठारावर अल्मा नावाची ६६ तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिनं ही मोजणी केली. नकाशातला लाल रंग संगणकापुढे बसलेल्या माणसानं निवडलेला असतो. जिथे तो जास्त झळाळतो तिथून कार्बन मोनॉक्साइड वायूच्या रेडिओ लहरी जास्त येतात, एवढाच त्याचा अर्थ. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांत हीच दीर्घिका मधोमध पिवळसर आणि भुजांवर निळसर दिसते, मधूनमधून गुलाबी ठिपके.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली, लॅब केमिस्ट म्हणून. आकडा कशावरून आला हे विचारल्याशिवाय रजिस्टरवर सही करायची नाही, ही सवय तिथे लागली ती आजही आहे. रंगीत नकाशा पाहिला की माझं पहिलं बोट पट्टीकडे जातं: मोजलं काय, कशात मोजलं, केवढ्या अंतरापर्यंतचा तपशील दिसतो? ही पट्टी आपल्या पानावर नव्हती. ती का हवी, हे जरा सविस्तर सांगतो.

तारे जन्मतात ते थंड वायूच्या ढगांत. या ढगांचं तापमान उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास असतं आणि हेलियम सोडला तर त्यात जवळजवळ सगळे हायड्रोजनचे रेणू असतात, दोन-दोन अणू जोडीनं बांधलेले. अडचण अशी की हा रेणू त्या थंडीत बोलतच नाही. त्याची दोन्ही टोकं अगदी सारखी, त्यामुळे एकीकडे धन भार आणि दुसरीकडे ऋण भार असा कल त्याच्यात नसतो आणि नुसतं फिरून तो रेडिओ लहर सोडत नाही. त्याला ऊर्जेच्या पहिल्या पायरीवर चढवून चमकवायचं तर निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियसच्या, वर काहीशे अंश ऊब लागते, आणि ढगात जेमतेम दहा-वीस अंश असतात. विश्वातला सगळ्यात मुबलक रेणू जिथे सगळ्यात महत्त्वाचा, तिथेच तो अदृश्य.

मग त्याच ढगात मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड कामाला येतो. साधारण दहा हजार हायड्रोजन रेणूंमागे तो एक असतो, पण त्याची टोकं वेगवेगळी आहेत. निरपेक्ष शून्याच्या वर पाच-साडेपाच अंश मिळाले तरी तो पुढच्या पायरीवर चढतो आणि खाली उतरताना २.६ मिलिमीटर लांबीची लहर सोडतो. तिची वारंवारता ११५.२७ गिगाहर्ट्झ. अवकाशातली ही लहर पहिल्यांदा १९७० मध्ये सापडली. रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियास यांनी ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या तबकडीनं ती मृग नक्षत्रातल्या तेजोमेघातून पकडली. विश्वाच्या आरंभीच्या प्रारणाच्या शोधासाठी ज्यांना १९७८ चं नोबेल मिळालं तेच हे पेन्झियास आणि विल्सन. पाचच वर्षांत, १९७५ मध्ये, हीच लहर दुसऱ्या दीर्घिकांतूनही मिळाली आणि नकाशे काढायची वाट खुली झाली.

म्हणजे लहर मोजायची कार्बन मोनॉक्साइडची आणि वजन सांगायचं हायड्रोजनचं. इथे माझ्यातला केमिस्ट जागा होतो. गाळपाला आलेल्या उसाच्या रसात आम्ही ब्रिक्स पाहायचो. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळं मिळून. त्यात खरी साखर किती, हे पोलॅरीमीटर लावल्याशिवाय कळत नाही. ताज्या उसाचा आणि तोडून चार दिवस फडात पडलेल्या शिळ्या किंवा जळक्या उसाचा ब्रिक्स एकच येऊ शकतो, पण शुद्धता वेगळी असते आणि साखरेचा हिशेब चुकतो. दीर्घिकांच्या नकाशात तोच धोका आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या तेजाला एका ठरावीक गुणकानं गुणलं की हायड्रोजनचं वस्तुमान मिळतं. हा गुणक आपल्या आकाशगंगेच्या चपट्या चकतीतल्या ढगांवरून बसवलेला आहे. दीर्घिकेच्या केंद्रात वायू जास्त उबदार आणि जास्त खळबळता असतो, तिथे तेवढ्याच हायड्रोजनमागे कार्बन मोनॉक्साइड जास्त चमकतो. नेहमीचा गुणक लावला तर केंद्रातला वायू प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त भरतो. उलट ज्या छोट्या दीर्घिकांत कार्बन आणि ऑक्सिजनच कमी, तिथे ढग असूनही नकाशा मुका राहतो. म्हणून शास्त्रज्ञ दुसऱ्या वाटांनी पडताळा घेतात. धुळीच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालच्या पलीकडच्या) प्रकाशावरून एक अंदाज येतो, जड कार्बनच्या दुर्मीळ कार्बन मोनॉक्साइडवरून दुसरा, आणि ढगाच्या आतल्या वेगांवरून त्याचं गुरुत्व काढून तिसरा. एम ८३ च्या मधोमध तो जो झगझगीत ठिपका आपण छापला, तो पाहून 'सगळा वायू इथेच आहे' असं वाचकाला वाटू नये. वायू तिथे खरोखरच दाटलेला आहे, पण किती, हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही.

तो तिथे दाटतो कसा, हा तर या दीर्घिकेचा गाभा आहे आणि बातमीत त्याचा उल्लेखही नव्हता. दंड म्हणजे दीर्घिकेच्या मध्यातून आरपार गेलेला ताऱ्यांचा लांबट पट्टा. जवळपासच्या सर्पिल दीर्घिकांपैकी सुमारे दोन तृतीयांश दीर्घिकांत तो कमीअधिक स्पष्ट दिसतो. तारे इतके विरळ असतात की त्यांच्या वाटा एकमेकींना छेदल्या तरी टक्कर होत नाही. वायूला ती मोकळीक नसते. दंडाच्या लांबुळक्या कक्षांमध्ये वायूचे प्रवाह एकमेकांवर आदळतात, आघातलाट (वायू एकदम दाबला जाऊन त्याचा वेग अचानक बदलतो ती सीमा) उठते, आणि दंडाच्या फिरण्याच्या दिशेकडच्या कडेला धुळीची काळी, सरळसोट रेघ उमटते. दंडाचं गुरुत्व या दाबलेल्या वायूला मागे ओढतं, त्याचा कोनीय संवेग, म्हणजे केंद्राभोवती फिरण्याचा जोर, काढून घेतं, आणि वायू रेघेवरून केंद्राकडे घसरत जातो. तो थेट केंद्रात पडतो असंही नाही. काहीशे ते दोन-तीन हजार प्रकाशवर्षं त्रिज्येच्या कड्यात तो अडतो, साठतो, आणि तिथे ताऱ्यांच्या जन्माचा धडाका लागतो. एनजीसी १०९७ या दीर्घिकेतलं असं कडं इतकं रेखीव आहे की पाहणारा थबकतो. दंड असलेल्या दीर्घिकांच्या केंद्रात रेणूरूपातला वायू जास्त एकवटलेला असतो, हे १९९९ मध्ये जपानच्या नोबेयामा आणि अमेरिकेच्या ओवेन्स व्हॅली इथल्या दुर्बिणींनी २० सर्पिल दीर्घिका तपासून दाखवलं.

आणि दंडात काय होतं? दंडावर वायू भरपूर, घनताही चांगली, तरीही तारे जन्मत नाहीत, असं काही दीर्घिकांत स्पष्ट दिसतं. एनजीसी १३०० हे त्याचं ठळक उदाहरण. शेजारशेजारच्या प्रवाहांच्या वेगांतल्या फरकानं ढग ओढून फाटत असतील, किंवा ढग इतक्या वेगानं एकमेकांवर आदळत असतील की त्यांना आकसायला उसंतच मिळत नसेल. यावर अजून वाद चालू आहे आणि तो मिटवायला असेच तपशीलवार नकाशे लागतात. वायू असला की तारे जन्मतात, असं आपण शाळेत सरसकट शिकवतो. दंड पाहिला की त्यात दुरुस्ती करावी लागते.

आता त्या नकाशामागचे कष्ट. अल्माच्या १२ मीटरच्या एका तबकडीला या लहरीत एका वेळी आकाशाचा एका कलेपेक्षाही (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लहान तुकडा दिसतो. एम ८३ चा पसारा दहाबारा कलांचा, म्हणून पुष्कळ तुकडे घेऊन एकमेकांना जोडावे लागतात. शिवाय दूरदूरच्या तबकड्या जोडून बारीक तपशील मिळतो खरा, पण अशा जोडणीला पसरलेला, सौम्य वायू दिसत नाही. तो हिशेबातून गळून जातो. तो परत मिळवायला ७ मीटरच्या १२ तबकड्यांची जवळजवळ मांडलेली रचना आणि एकेकट्यानं मोजणाऱ्या १२ मीटरच्या ४ तबकड्या लागतात. हे सगळं एकत्र केल्यावर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम ८३ च्या नकाशात अख्ख्या दीर्घिकेचा सुमारे १३० प्रकाशवर्षांपर्यंतचा तपशील आला. इतक्या उंचीवर, इतक्या कोरड्या जागी जाण्याचं कारण हवेतली वाफ. ती मिलिमीटर लहरी गिळते. आपल्या गगनबावड्याच्या पावसाळी हवेत ही दुर्बीण आंधळी झाली असती.

मला सगळ्यात भावलं ते मात्र छापील पानावर येतच नाही. अल्माची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर, बहुधा वर्षभरानं, सगळ्या जगाला खुली होतात. माझी नात पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करते. तिनं घरच्या संगणकावर एम ८३ ची फाईल उतरवली आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. ती फाईल एका चित्राची नसते. तिच्यात थरावर थर असतात आणि एकेक थर वायूच्या एकेका वेगाचा. ही दीर्घिका आपल्यापासून सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर वेगानं दूर जाते, म्हणून ११५.२७ ची लहर आपल्याला ११५.०७ च्या आसपास मिळते. त्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे सरकत गेलं की सेकंदाला एका किलोमीटरचा फरक म्हणजे वारंवारतेत सुमारे ०.३८ मेगाहर्ट्झ. नात कळ दाबत थर पुढे सरकवत होती. आधी दीर्घिकेची एक बाजू उजळली, मग उजेड भुजांवरून मध्याकडे आला, मग पलीकडे गेला. दंडापाशी मात्र ही सरळ चाल मोडते. धुळीच्या रेघेच्या अलीकडे वायू एका वेगाचा, पलीकडे एकदम दुसऱ्या. आघातलाट म्हणतात ती हीच, आणि ती राजारामपुरीतल्या टेबलावर आकड्यांत मोजता येत होती. नातीनं तिथेच वही काढली.

हे कोल्हापूरच्या मुलांसाठी दूरचं नाही. एम ८३ इथून दिसते, आणि चांगली दिसते. चैत्र-वैशाखात रात्री चित्रा ताऱ्याच्या बरंच खाली, वासुकीच्या शेपटाजवळ, नरतुरंगाच्या सीमेवर ती येते आणि दक्षिणेला सुमारे ४३ अंश उंचीवर चढते. पन्हाळ्यावरून, गावाच्या दिव्यांकडे पाठ करून, साध्या द्विनेत्रीतून ती धुकट डागासारखी सापडते. रंकाळ्यावरून आता आशा नाही, तिथे उजेडच फार झाला आहे. निकोला लाकाय यानं ती १७५२ मध्ये केप ऑफ गुड होपवरून शोधली. शार्ल मेसिएनं १७८१ मध्ये यादीत घेतली तेव्हा पॅरिसहून ती त्याला क्षितिजापासून जेमतेम बारा अंशांवर गाठावी लागली असणार. त्या बाबतीत आपण भाग्यवान.

शिवाय आपण स्वतः दंड असलेल्या दीर्घिकेतच राहतो. आकाशगंगेच्या केंद्रापासून सूर्य सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि मध्ये दंड आहे, हे १९९० च्या दशकात पक्कं झालं. आतून पाहताना त्याचा आकार उलगडणं अवघड जातं, म्हणून एम ८३ सारखी समोरून दिसणारी दीर्घिका आपल्या घराचा आराखडा समजून घ्यायला कामाची. आपल्याही केंद्राशी काही कोटी सूर्यांइतका रेणूरूप वायू साठलेला आहे, आणि नवल म्हणजे त्यात तारे अपेक्षेच्या जवळपास दहाव्या हिश्शानंच जन्मताहेत.

जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ चा, याच कोल्हापुरातला. त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. ती २.६ मिलिमीटरची लहर पकडत नाही. तिचं क्षेत्र लांब लहरींचं, त्यात अणुरूपातल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर येते. एम ८३ भोवती हा अणुरूप वायू दिसणाऱ्या दीर्घिकेच्या कितीतरी पलीकडे पसरला आहे. तोच पुढे दाटून रेणूरूप होतो, आणि जवळपासच्या दीर्घिकांत रेणूरूप वायूचा साठा आजच्या वेगानं वापरला तर सुमारे दोन अब्ज वर्षांत संपेल. म्हणजे बाहेरचा वायू आणि आतला वायू हे एकाच हिशेबाचे दोन रकाने, आणि त्यातला एक मोजायचं साधन आपल्या राज्यात आहे. खोडदला विज्ञान दिनाच्या सुमारास सर्वांना प्रवेश असतो. शाळांनी सहल काढायची तर तिथे काढावी, असं मला फार वाटतं.

तर माझी मागणी एवढीच. दीर्घिकेचं रंगीत चित्र छापाल तेव्हा त्याखाली दोन ओळी द्या: कुठल्या दुर्बिणीनं, कुठल्या लहरीत, कशाची मोजणी केली आणि रंग कशाचा. एका कोपऱ्यात अंतराची पट्टी असू द्या. २९ जानेवारी २०२४ ला जेम्स वेब दुर्बिणीनं १९ सर्पिल दीर्घिकांची चित्रं प्रसिद्ध केली. त्यांत मुख्यतः धुळीची आणि ताऱ्यांची अवरक्त चमक आहे. त्यांतल्या एखाद्या दंडवाल्या दीर्घिकेचं चित्र आणि तिचाच अल्माचा वायूचा नकाशा आपण शेजारी-शेजारी छापलात, तर मुलं स्वतःच रेघ रेघेशी ताडून पाहतील. जमलं तर तिसरा, वेगांचा नकाशाही द्या, केंद्राच्या तुलनेत जवळ येणारा भाग निळ्यात आणि दूर जाणारा लाल रंगात. फाईल खुल्या आहेत. निवडायला आणि मराठीत मजकूर लिहायला मदत हवी असेल तर मी आणि माझी नात दोघंही तयार आहोत. कार्यालयात निरोप ठेवावा, आम्ही लॅपटॉप घेऊन येऊ.

आपला नियमित वाचक,
साखर कारखान्यातील एक निवृत्त लॅब केमिस्ट,
राजारामपुरी, कोल्हापूर